ब्लॉट धुणारं खोकं : बडोद्यातल्या आमच्या लॅबच्या प्रकल्प नोंदी

१६ जून २०२५

डेमोला आलेलं वेस्टर्न ब्लॉटचं यंत्र आज परत गेलं. (वेस्टर्न ब्लॉट म्हणजे जेलमध्ये वेगळी केलेली प्रथिनं मेम्ब्रेन नावाच्या कागदासारख्या पापुद्र्यावर उतरवून त्यांतलं हवं ते अँटिबॉडीने ओळखणं.) दिसायला अगदी साधं, ना वायर ना मोटर. आत काचतंतूंचं पांढरं कार्ड बसतं. मेम्ब्रेनची प्रथिनांची बाजू खाली करून ते त्यावर पालथं घालायचं, रोलर फिरवून बुडबुडे काढायचे, झाकण लावायचं आणि वरच्या चार कप्प्यांत क्रमाने प्रायमरी अँटिबॉडी (हवं ते प्रथिन पकडणारी), धुण्याचं द्रावण, सेकंडरी (प्रायमरीला पकडणारी, खुणेचं एन्झाइम असलेली) आणि पुन्हा धुण्याचं द्रावण ओतायचं. कार्ड केशाकर्षणाने हे द्रव एकामागून एक ओढत नेतं. अडीच-तीन तासांनी झाकण उघडलं की मेम्ब्रेन ईसीएलसाठी (प्रथिनांच्या पट्ट्या प्रकाशाने दाखवणारं द्रावण) तयार. पट्ट्या स्वच्छ आल्या, तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. फक्त कार्ड एकदाच वापरायचं आणि द्रावणही त्यांचंच लागतं. आमच्याकडे ब्लॉट रोजचे आहेत. लॅबच्या मॅडमनी वहीच्या मागच्या पानावर वर्षाच्या खर्चाचा हिशेब मांडला आणि पान उलटलं.

गरज मात्र खरीच आहे. टोबिन, स्टेहेलिन आणि गॉर्डन यांनी १९७९ मध्ये जेलमधली प्रथिनं नायट्रोसेल्युलोजवर उतरवून अँटिबॉडीने ओळखायची पद्धत छापली. तिचा सांगाडा आजही तोच आहे: एक तास ब्लॉकिंग (मेम्ब्रेनवरची मोकळी जागा दुसऱ्या प्रथिनाने भरणं), रात्रभर ४ अंशांवर प्रायमरी, टीबीएसटीची (ट्वीन हा साबण घातलेलं खारं द्रावण) तीन धुणी, तासभर सेकंडरी, पुन्हा तीन धुणी. यात हाताचं काम अगदी थोडं. पण ते दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत विखुरलेलं असतं, त्यामुळे माणूस ना चहाला जाऊ शकतो ना सलग चार ओळी लिहू शकतो. टायमर वाजला की उठा, ओता, भरा, बसा. आणि सहा वाजता बसची घाई असली की तिसरं धुणं चार मिनिटांतच "झालं" होतं, हे प्रत्येक लॅबला माहीत असतं.

मॅडम म्हणाल्या, "जुना रॉकर पडून आहे, पंप बाजारात मिळतात, तुला सोल्डरिंगची हौस आहे. करून बघ. पण तुझे रोजचे ब्लॉट थांबता कामा नयेत."

१९ जून

सामान: जुना रॉकर (ट्रे डुलवणारा पाट), १२ व्होल्टचे पाच छोटे पेरिस्टाल्टिक पंप, सिलिकॉनची नळी, आर्डुइनो उनो (प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड), मॉस्फेटचे (पंप चालू-बंद करणारे) बोर्ड, एका पंपासाठी एल२९८ ड्रायव्हर, १२ व्होल्टचा अडॅप्टर. ट्रे मकरपुरा जीआयडीसीतल्या एका ॲक्रिलिकवाल्या भाईंकडून कापून घेतला. ते विचारत होते, माशांसाठी आहे का.

पेरिस्टाल्टिक पंपच का, तर यात द्रव नळीबाहेर कशालाच शिवत नाही. रोलर नळी चेपत पुढे जातो आणि द्रव सरकतो. प्रायमरीचा पंप एल२९८ वर घेतला कारण तो उलटाही फिरवता येतो. काम झाल्यावर अँटिबॉडी ट्रेमधून परत बाटलीत. प्रायमरी अँटिबॉडी फेकून द्यायची चैन आम्हाला परवडत नाही, तीन-चार वेळा वापरतोच.

२५ जून

आज नुसतं पाणी. पंप किती सेकंदांत किती ओततो ते तराजूवर मोजलं. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक मिलि धरला की मोजपात्राची कटकट नाही. मिनिटाला साधारण ४० मिलि, पण पाचही पंप वेगवेगळे निघाले. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक पंपाचा आकडा स्वतंत्र घातला. नळी चेपून चेपून सैल होते, म्हणजे महिन्या-दोन महिन्यांनी हे पुन्हा करावं लागणार.

२ जुलै

सगळं लक्ष भरण्याकडे होतं, आणि खरी अडचण रिकामं करण्यात निघाली.

हाताने धुताना आपण ट्रे वाकडा करतो, कोपऱ्यातून ओततो, शेवटचे थेंब टिश्यूवर टिपतो. हे इतकं सवयीचं असतं की प्रोटोकॉलमध्ये कुणी लिहीतच नाही. पंपाला हे कोण सांगणार? नळीचं तोंड ज्या कोपऱ्यात आहे तिथलं पाणी ओढून झालं की तो हवा ओढत बसतो आणि बाकीचं तळाला पसरलेलं तसंच राहतं.

अँटिबॉडीऐवजी ब्रोमोफिनॉल ब्लू घालून पाहिलं. टीबीएसटीमध्ये ते छान निळं असतं आणि ५९० नॅनोमीटरच्या आसपास मोजता येतं. रंगीत द्रव उपसला, १० मिलि साधं टीबीएसटी भरलं, हलवलं, नमुना मोजला. हिशेब जुळला: ट्रेमध्ये जवळजवळ २ मिलि मागे राहत होतं.

आता गणित. २ मिलि मागे, त्यात १० मिलि नवं, म्हणजे प्रत्येक धुण्याला जुनं द्रव सहापट पातळ होतं. तीन धुण्यांनी २१६ पट. मागे अर्धाच मिलि राहिला तर प्रत्येक वेळी २१ पट आणि तीन धुण्यांनी ९,२६१ पट. टीबीएसटीचा एक थेंबही जास्त न घालता एवढा फरक. उलट २ मिलि तसंच ठेवून दर वेळी दुप्पट, म्हणजे २० मिलि भरलं, तरी तीन धुण्यांनी मजल १,३३१ पटींपर्यंतच. आजी तांदूळ धुताना पातेलं पूर्ण तिरकं करून हाताची आडण लावते आणि पाणी निथळेपर्यंत थांबते, तिला हे गणित न मांडताच कळतं.

म्हणजे रॉकर उपसायच्या वेळी नेमका नळीच्या कोपऱ्याकडे झुकलेला हवा. आमचा रॉकर बंद केला की मनाला येईल तिथे थांबतो.

४ जुलै

दांडिया बाजारातल्या काकांकडे गेले. काकांनी आयुष्यभर कारखान्यातली कंट्रोल पॅनेलं दुरुस्त केली, आता घरी रेडिओ दुरुस्त करतात. मी सगळं सांगेपर्यंत त्यांनी डबीतून एक हॉल सेन्सर आणि नखाएवढं चुंबक काढून ठेवलं होतं. "अगं, रॉकरच्या पाटाला चुंबक चिकटव, खाली सेन्सर. चुंबक समोर आलं की मोटर बंद. हाय काय न् नाय काय!" पैसे घेतले नाहीत, म्हणाले चालू झालं की दाखवायला आण.

बसवलं. ट्रेच्या तळालाही कोपऱ्याकडे किंचित उतार दिला. आता झुकल्यावर वीस सेकंद थांबायचं, मग उपसायचं, पाच सेकंद थांबून पुन्हा थोडं उपसायचं. ते शेवटचं थोडं महत्त्वाचं, कारण भिंतीवरचं आणि मेम्ब्रेनखालचं पाणी सावकाश खाली येतं. निळा रंग पुन्हा मोजला. मागे राहणारं द्रव अर्ध्या मिलिच्याही खाली गेलं.

११ जुलै

नळीतच किती अँटिबॉडी अडकते? आतला व्यास २ मिमी, म्हणजे एक मीटर नळीत ३.१ मिलि. माझी प्रायमरीची नळी ६० सेंमीची होती, म्हणजे जवळजवळ १.९ मिलि नुसती वाटेत. ८ मिलि अँटिबॉडीतली १.९! बाटली ट्रेच्या अगदी शेजारी आणली आणि नळी २० सेंमीवर. टीबीएसटीची नळी लांब असली तरी बिघडत नाही, त्याचा कॅन खाली जमिनीवर राहील.

१८ जुलै

दूध नको.

पाच टक्के स्किम मिल्क पावडरचं ब्लॉकिंग पंपातून घालून पाहिलं. खाली गाळ बसतो, तो नळीच्या तोंडाशी जमतो, आणि रात्रभर राहिलं तर सकाळी लॅबमध्ये शिरल्या शिरल्या कळतं. वरून ट्वीनचा फेस. पंपाने जरा हवा ओढली की ट्रेमध्ये फेसाचा थर, आणि फेसाखाली मेम्ब्रेन कोरडं. नळी बाटलीच्या तळापर्यंत नेली आणि ट्रेमध्ये तिचं तोंड भिंतीला टेकवून ठेवलं. धार भिंतीवरून उतरते, फेस कमी होतो.

ठरलं असं की ब्लॉकिंग हातानेच. एकच पायरी, एक तास, मध्ये काही बदलायचं नाही. खोक्याचं काम त्यानंतर सुरू. अँटिबॉडी दुधाऐवजी एक टक्का बीएसएमध्ये (गाईच्या रक्तातलं प्रथिन) पातळ करायची, तीही फिल्टर करून. फॉस्फो-अँटिबॉडींना (प्रथिनावरचा फॉस्फेट ओळखणाऱ्या) तसंही दूध नकोच असतं, कारण दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रथिन आहे. मॅडम म्हणाल्या, "मग हात न लावता कसलं?" मी म्हटलं, जेल आणि ट्रान्सफर तरी कुठे आपोआप होतात! हातांना सुट्टी मिळणार ती फक्त पुढच्या टप्प्यात, आणि कंटाळ्याचा टप्पा तोच आहे.

२९ जुलै

पहिला खरा ब्लॉट. एकाच जेलवर डावीकडे आणि उजवीकडे हेला (माणसाच्या) पेशी फोडून काढलेला तोच लायसेट, पीव्हीडीएफच्या मेम्ब्रेनवर ट्रान्सफर, पोन्सो हा प्रथिनांचा रंग लावून दोन्ही बाजू सारख्या उतरल्याची खात्री, मग मधोमध कापून एक अर्धा हाताने आणि दुसरा खोक्यात. शोधायचं बीटा-ॲक्टिन, ते पेशींत भरपूर असतं, म्हणजे ४२ किलोडाल्टनला (त्याच्या वजनाच्या जागी) काही ना काही दिसायलाच हवं.

दिसलं. पण खोक्यातल्या अर्ध्याची एक कड फिकी आणि तिच्यालगत पार्श्वभूमीचे काळे ढग.

कारण शोधताना मजा आली. ट्रे १२ बाय १० सेंमीचा, त्यात ८ मिलि अँटिबॉडी. थराची खोली पाऊण मिलिमीटरच्याही आत. पाट झुकला की वरची कड जवळजवळ उघडी पडते. दुसरं, अँटिबॉडी द्रवात स्वतःहून किती हळू फिरते याचा अंदाज आपल्याला नसतो. आयजीजीचा (आपल्या अँटिबॉडीचा प्रकार) विसरण गुणांक साधारण ४ × १०⁻⁷ चौ. सेंमी प्रति सेकंद. नुसत्या विसरणाने एक मिलिमीटर अंतर कापायला तिला तीन तासांहून जास्त लागतात. मेम्ब्रेनलगतच्या थरातली अँटिबॉडी चिकटून संपली की वरची खाली यायला हलवणंच हवं. स्थिर ट्रेमध्ये मेम्ब्रेनवर उपाशी थर बसून राहतो, वरचं द्रव कितीही श्रीमंत असो. केशाकर्षणाच्या कार्डाची चतुराईही इथेच आहे: द्रव सतत मेम्ब्रेनला घासून पुढे सरकतं, म्हणून कमी वेळात भागतं.

नवा ट्रे: ९ बाय ७.५ सेंमी, मिनी जेलच्या मेम्ब्रेनला बेताचा. त्याच ८ मिलिची खोली आता १.२ मिमी. झुकण्याचा कोनही कमी केला, भरपूर तिरकं फक्त उपसताना. भाईंनी "फरी?" (पुन्हा?) म्हणून पाहिलं, पण संध्याकाळपर्यंत कापून दिला.

१३ ऑगस्ट

रात्रभराच्या प्रायमरीसाठी खोकं काचेच्या दाराच्या फ्रिजमध्ये. आत फक्त ट्रे, पाट आणि पंप. बोर्ड बाहेर, वायरी दाराच्या रबरामधून. बोर्ड आत ठेवला असता तर दार उघडल्याबरोबर या पावसाळी हवेत त्यावर दव जमलं असतं. थंडीत पंपांचा आकडा घसरला, गार पाणी नळीत नाखुशीनेच चढतं (४ अंशांवर पाण्याचा चिकटपणा ३० अंशांच्या जवळजवळ दुप्पट). म्हणून फ्रिजमधला आकडा वेगळा मोजून घातला.

मग रात्री पाऊस आणि लाइट गेली. मिनिटभरात आली, पण आर्डुइनोला मागचं काही आठवत नाही. त्याने पहिल्यापासून सुरुवात केली: भरलेल्या ट्रेमध्ये आणखी प्रायमरी. सकाळी फ्रिजच्या तळाला अँटिबॉडीचं तळं.

दोन गोष्टी केल्या. प्रत्येक पायरी बदलली की तिचा क्रमांक ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) लिहायचा आणि जाग आल्यावर आधी तो वाचायचा. ईईप्रॉम सुमारे एक लाख लेखनं सहन करतं, पायरीला एकदाच लिहिलं तर आमची हयात जाईल. दर सेकंदाला लिहिलं असतं तर सव्वा दिवसाच्या आत संपलं असतं. दुसरी, अडॅप्टर छोट्या यूपीएसवर. सगळ्यात वाईट क्षण उपसून झाल्यावरचा आणि भरायच्या आधीचा, कारण तेव्हा लाइट गेली तर मेम्ब्रेन वाळतं आणि वाळलेल्या पीव्हीडीएफवर अँटिबॉडी ठिपक्यांनी बसते. त्यामुळे उपसणं आणि भरणं आता एकच पायरी धरली आहे. मध्ये तुटली तर पुन्हा उपसण्यापासून.

२९ ऑगस्ट

घरी गणपती, परवा गौरी. नोंद थोडक्यात.

पुन्हा वापरलेल्या प्रायमरीने पट्ट्या अचानक मंद आल्या, आणि त्याच प्रायमरीने हाताने केलेला ब्लॉट ठीक. साठवणीच्या प्रायमरीत ०.०२ टक्के सोडियम अझाइड असतं आणि अझाइड एचआरपीला, म्हणजे सेकंडरीवरच्या खुणेच्या एन्झाइमला, मारतं. प्रायमरी आणि सेकंडरी एकाच टी-जोडातून ट्रेमध्ये येत होत्या. ट्रे छान धुतला जात होता, जोडाच्या आतला भाग नाही. जोड काढला. आता प्रत्येक द्रवाला ट्रेवर स्वतःचं भोक.

१२ सप्टेंबर

लॅबमधल्या सगळ्यांनी आपापले ब्लॉट अर्धे-अर्धे करून खोक्याला दिले. मत असं:

हुशार हाताने केलेल्या ब्लॉटपेक्षा खोक्याचा ब्लॉट सरस नसतो. पण सोमवारचा आणि शुक्रवारचा ब्लॉट एकसारखे येतात, आणि माझा आणि ज्युनियरचाही. ट्युब्युलिनने (तुलनेसाठी घेतलेलं, सगळ्या नमुन्यांत असणारं प्रथिन) भागून काढलेली गुणोत्तरं एकमेकांजवळ बसायला लागली आहेत. क्वांटिफिकेशनसाठी मला हेच हवं होतं. वाईट अँटिबॉडी खोक्यातही वाईटच राहते, आणि ट्रान्सफर बिघडला असेल तर खोकं ते सकाळपर्यंत लपवून ठेवतं. म्हणून पोन्सो न पाहता मेम्ब्रेन आत टाकायचं नाही, असा नियम झाकणावर चिकटवला. नवीन अँटिबॉडीचं टायट्रेशनही खोक्यात करायचं नाही. ते छोट्या पट्ट्या कापून हातानेच बरं, एका वेळी पाच प्रमाणं दिसतात.

काकांना व्हिडिओ दाखवला. त्यांना ब्लॉटमध्ये रस नव्हता, पंपाचा आवाज का येतो ते विचारत राहिले. मॉस्फेटवर पीडब्ल्यूएमची (मोटर भराभर चालू-बंद करण्याची) वारंवारता वाढवायला सांगितली. आवाज गेला.

२४ सप्टेंबर

नवरात्र. बडोद्यात या दिवसांत संध्याकाळी लॅबमध्ये माणूस शोधून सापडत नाही. ज्युनियरने साडेसहाला चणिया-चोळीच्या पिशवीसकट येऊन मेम्ब्रेन ठेवलं, बटण दाबलं, आणि "दीदी, आ तो बहु सारु!" म्हणून पळाली.

तिच्यासाठी प्रोग्रॅम बदलला. आधी सगळ्या पायऱ्या लागोपाठ व्हायच्या आणि पहाटेपासून मेम्ब्रेन सेकंडरी धुऊन नुसतं टीबीएसटीत पडून राहायचं. सेकंडरी लागल्यावर इतकं ताटकळत ठेवणं मला पटत नाही. आता उलटा हिशेब: आपण किती वाजता येणार ते सांगायचं, आणि खोकं त्यावरून मागे मोजत सेकंडरी कधी सुरू करायची ते ठरवतं. उरलेला वेळ प्रायमरीला. साडेनऊला आल्यावर शेवटचं धुणं चालू असतं. ज्युनियर दहाला आली, डोळे अर्धे मिटलेले, ईसीएल लावलं, पट्ट्या आल्या.

६ ऑक्टोबर

देखभाल, नव्या माणसासाठी. रन संपला की सगळ्या नळ्यांतून डिस्टिल्ड वॉटर, मग २० टक्के इथेनॉल, मग हवा. शनिवारी पंपांचे आकडे तराजूवर. पाच टक्क्यांहून जास्त सरकले तर नळी बदला, प्रोग्रॅम नाही. प्रायमरीच्या नळीवर हिरवी पट्टी, सेकंडरीवर लाल, दोन्हींची अदलाबदल कधीही नाही. हॉल सेन्सरवर टीबीएसटी सांडलं तर मीठ सुकून चुंबक अडतं, ओल्या फडक्याने पुसा.

मॅडमना दुसरा ट्रे हवा आहे, फॉस्फो (फॉस्फेट लागलेलं प्रथिन) आणि टोटल (ते प्रथिन एकूण) शेजारी-शेजारी चालवायला. पाट पेलेल, पण प्रायमरीचे पंप दोन लागतील आणि आर्डुइनोवर पिना उरलेल्या नाहीत. टीबीएसटी आणि सेकंडरी दोघांना एकच पुरवायची, तर ती दोन ट्रेंत सारखी वाटली जाते का ते आधी निळ्या रंगाने तपासायचं. उद्या भाईंकडे माप देऊन येते.